‘आपला हात जगन्नाथ’ ऐकत वाढलेल्यांसाठी शरणागतीचा अभ्यास

मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून दोन म्हणी पडत असतात. ‘आपला हात जगन्नाथ’ ही कौतुकाने सांगितली जाते आणि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही टोमणा म्हणून मारली जाते. या दोहोंच्या मध्ये देवावर विसंबण्याला फारशी जागाच उरत नाही. जो हात हलवतो त्याचा हात हाच देव आणि जो देवाचे नाव घेऊन थांबतो तो आळशी, असा निकाल आधीच लागलेला असतो. पुढे शिक्षण, नोकरी, कर्ज काढून घेतलेले घर आणि ‘कुणाचे मिंधे व्हायचे नाही’ ही आईवडिलांची शिकवण यांच्या जोरावर माणूस पन्नाशीला पोहोचतो, आणि मग एखाद्या आजारपणात किंवा मुले परगावी गेल्यावर त्याच्या लक्षात येते की देव्हाऱ्यासमोर रोज हात जोडूनही त्या देवावर भार म्हणून कधी टाकलेलाच नाही. हे टिपण अशा माणसासाठी आहे. माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले, त्यामुळे माझी भाषा पुष्कळदा जमाखर्चाची होईल. त्याला इलाज नाही.

सुरुवातीला एक पथ्य. स्वावलंबनाला दोष देऊन या अभ्यासाला लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच मुळी ‘स्वावलंबी शिक्षण’ हे आहे, आणि ‘कमवा आणि शिका’ या वाटेने शिकलेल्या खेड्यापाड्यांतील मुलांना स्वतःच्या कष्टाचा अभिमान वाटत असेल तर तो रास्तच आहे. ज्यांच्या घराण्यात परावलंबन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राहणे होते, त्यांच्यासाठी स्वतःच्या पायावर उभे राहणे हीच साधना होती. चोखामेळ्यांनी विठ्ठलावर सगळा भार टाकला होता, तरी त्यांना त्याच्या मंदिरात पाऊल टाकता आले नाही, आणि ते मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. देवावर विसंबणे वेगळे आणि माणसांनी केलेला अन्याय त्याची इच्छा समजून मुकाट सोसणे वेगळे. हा फरक ज्याच्या मनात पक्का नाही, त्याने पुढचे काही करण्याआधी तो पक्का करून घ्यावा.

योग आणि क्षेम यांची वही

भारतीय आयुर्विमा महामंडळाचे, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या एलआयसीचे, बोधवाक्य ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असे आहे. आपल्यापैकी कित्येकांनी हे शब्द गीतेत वाचण्याआधी पॉलिसीच्या कागदावर वाचलेले असतात. मुळात ते गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकाचे शेवटचे शब्द आहेत. जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग आणि जे मिळालेले आहे ते टिकणे म्हणजे क्षेम, असा त्यांचा अर्थ भाष्यकारांनी लावलेला आहे. आणि जे अनन्यपणे माझे चिंतन करतात त्यांची ही दोन्ही ओझी मी वाहतो, असे भगवंत तेथे म्हणतात. विमा संस्थेने हे वचन उचलावे यात मला थट्टा दिसत नाही. उलट, माणसाला भीती नेमकी कोणत्या दोन गोष्टींची असते हे तेथे कुणाला तरी अचूक कळले होते, असेच मला वाटते.

अभ्यासाचा आरंभ या दोन शब्दांपासून करावा. आठ दिवस एक साधी वही घ्यावी, पानावर दोन रकाने आखावेत आणि रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी मनात घोळलेली प्रत्येक काळजी योगाची की क्षेमाची हे ठरवून तिथे लिहावी. मुलीच्या लग्नाचे जमावे ही योगाची काळजी झाली. गुडघे आणखी दहा वर्षे टिकावेत, मुदत ठेवीवरचे व्याज घसरू नये, सोसायटीत आपला मान राहावा, या क्षेमाच्या झाल्या. काळज्या सोडवण्याचा प्रयत्न या आठ दिवसांत करू नये, केवळ नोंद करावी. पंचविशीतल्या माणसाचा पहिला रकाना भरेल. पण पंचेचाळिशीच्या पुढे दुसराच रकाना भरून वाहू लागतो, असा माझा अनुभव आहे. माझी वही भरल्यावर मला दिसले की मी स्वतःला कर्तबगार समजत होते आणि प्रत्यक्षात राखणदारी करत होते. देवाकडे सोपवायचे काय, हे या वहीवाचून कळत नाही. तोवर ‘सगळे त्याच्यावर सोपवले आहे’ हे वाक्य नुसते बोलण्यापुरते राहते.

पाणी सोडणे

नोंद झाली की सोडण्याचा सराव सुरू करावा, आणि त्यासाठी आपल्या घरात विधी तयारच आहे. पूजेच्या शेवटी उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन ते बोटांवरून ताम्हनात सोडतात आणि ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणतात. मराठीत एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडले’ म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला, असा अर्थ होतो, तो याच कृतीतून. पूजेत ही कृती बहुधा घाईत उरकली जाते, कारण तोवर नैवेद्याकडे लक्ष गेलेले असते. मी ती रात्री, पूजेपासून वेगळी, करायला सांगेन. वहीतील एकच ओळ निवडावी, ती काळजी तिचे नाव घेऊन स्पष्ट मराठीत उच्चारावी, तिच्यासाठी आज आपण काय केले ते सांगावे, आणि मग पाणी सोडावे. ‘मुलाच्या प्रवेशासाठी आज तीन महाविद्यालयांत जाऊन आले, अर्ज भरले; पुढचे तुझे.’ एवढे पुरे. चुकलेले कामही असेच अर्पण करता येते, आणि ते करणे चांगल्या कामापेक्षा पुष्कळ अवघड जाते, कारण चुकीची राखण आपण यशापेक्षाही जास्त करतो.

न केलेले काम मात्र अर्पण करता येत नाही. येथेच खाटल्यावरच्या हरीची म्हण आपले काम चोख बजावते. समर्थ रामदासांनी चळवळीचे सामर्थ्य सांगितले आणि तिला भगवंताचे अधिष्ठान हवे असे त्याच ओवीत बजावले. त्यांच्या लेखी या दोन गोष्टींत भांडण नव्हते. अरणच्या सावता माळ्यांची ख्याती तर मळ्यात राबण्याचीच आहे. कांदा, मुळा आणि भाजी यांतच त्यांना विठाई दिसली. जनाबाईंच्या जात्यावर देव दळू लागला असे परंपरा सांगते, पण त्यामुळे जनाबाईंनी खुंटा सोडून दिला असे कुणी सांगत नाही.

सोडायचे किती, याचेही उत्तर परंपरेत आहे. तुकोबांच्या तरुणपणी, १६३० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पुढे वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र सांगताना गळतो. धाकटे भाऊ कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून त्यांच्या हाती दिला गेला, आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची कागदपत्रे. हिशेबनीस म्हणून मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आपल्या श्रद्धेचा हप्ता घरच्यांच्या खात्यातून वळता करू नये. देवावर भरवसा आहे म्हणून बायकोला न विचारता नोकरी सोडणे, मुलांचा आरोग्यविमा बंद करणे किंवा म्हाताऱ्या वडिलांची औषधे ‘बघू, तो आहे’ म्हणून लांबवणे, ही शरणागती होत नाही. ते दुसऱ्याच्या वाट्याचा कागद बुडवणे झाले.

रामानुज संप्रदायात या बाबतीत दोन दाखले दिले जातात. माकडीण झाडावरून उडी मारते तेव्हा पिलू तिच्या पोटाला आपल्या हातापायांनी घट्ट धरून असते. मांजर मात्र पिलाला तोंडात उचलून नेते आणि पिलू अंग सैल सोडून लटकते. देवावर विसंबणे यांपैकी कोणत्या पिलासारखे असावे, यावर त्या संप्रदायातील वडकलै आणि तेंगलै या दोन शाखांचे मत वेगळे आहे. माझ्यासारख्यांना तो वाद झेपणारा नाही. ज्यांचे सगळे आयुष्य हातापायांवर चालले, त्यांनी माकडाच्या पिलापासून सुरुवात करावी, म्हणजे धरण्याचे काम चालू ठेवावे आणि उडी कुठे मारायची हे तिच्यावर सोडावे, एवढेच मी सुचवेन.

मागणे आणि नवस

स्वतंत्र बाण्याच्या माणसाला देवाकडेही मागायला संकोच वाटतो. ‘मी देवाकडे कधी काही मागत नाही, फक्त आभार मानतो’ असे काही जण मोठ्या समाधानाने सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते उच्च वाटते. मला त्यात निष्कामतेपेक्षा ताठाच जास्त दिसतो. वैष्णव परंपरेने शरणागतीची जी सहा अंगे मानली, त्यांत ‘तो रक्षण करील हा विश्वास’ हे एक अंग आहे, आणि ‘तू माझे रक्षण कर अशी विनवणी’ हे त्याहून वेगळे, स्वतंत्र अंग आहे. म्हणजे विश्वास मनात असून भागत नाही, तोंडाने मागावेही लागते. सहावे अंग कार्पण्य, म्हणजे आपली दीनता मान्य करणे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी अठरा अध्यायांचा वाग्यज्ञ पुरा केला आणि त्यानंतर दान मागितले. एवढे मोठे काम हातून झाल्यावर मागणे हे आपल्या वळणाच्या अगदी उलट आहे, आपण काम झाले की बिल पाठवतो.

नवस हे मागण्यासारखे दिसते, पण त्याची जात वेगळी आहे. अमुक झाले तर तमुक करीन, यात माझे पैसे आणि माझी अट दोन्ही शाबूत राहतात, आणि देव पुरवठादार होतो. ज्यांच्या घरी नवस फेडण्याची रीत आहे त्यांच्या भावनेची टिंगल मी करणार नाही. संकटात सापडलेल्या माणसाला बोलायला दुसरी भाषा सुचत नाही. पण या अभ्यासापुरते सहा महिने नवस बंद ठेवावा आणि विनाअट मागून पाहावे. मागताना आपल्या घरच्या मराठीत बोलावे. स्तोत्र पाठ असेल तर ते जरूर म्हणावे, हरिपाठ येत असेल तर उत्तमच, पण निदान एक वाक्य असे असावे की जे आपल्याखेरीज दुसरे कुणी म्हणू शकणार नाही.

एकादशीचा उपवास या सरावाला थोडीफार मदत करतो, कारण भूक लागल्यावर माणूस आपण किती आधारांवर उभे आहोत हे ओळखतो. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी अशी दुप्पट खाशी झाली तर तेवढाही उपयोग होत नाही.

माणसांच्या हातून घेणे

आता सर्वांत अवघड भागाकडे येते. देवाकडून घ्यायला तयार असलेली, पण माणसांकडून कपभर साखरसुद्धा न मागणारी पुष्कळ मंडळी माझ्या ओळखीची आहेत, आणि मीही त्यांतलीच होते. देव अदृश्य असल्यामुळे त्याच्यापुढे वाकण्यात मान जात नाही. शेजारीण समोर उभी असते. पण देवाचे देणे बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातूनच येते, आणि तो हात आपण नाकारत राहिलो तर शरणागतीचे सगळे पाठांतर घशाच्या वरच राहते.

आपण घेणे कसे टाळतो हे नीट पाहावे. शेजारच्या घरून डब्यातून काही आले की भांडे रिकामे परत करू नये, ही आपली सुंदर रीत आहे; पण ते भांडे त्याच संध्याकाळी, आलेल्या पदार्थापेक्षा भारी पदार्थाने भरून परत करण्याची जी धडपड चालते, तिच्यामागे प्रेमापेक्षा देणे फिटल्याची सुटका असते. लग्नातील आहेराची वही तर प्रत्येक घरात असते: कुणी किती पाकीट दिले, म्हणजे त्यांच्याकडे कार्य निघाल्यावर आपण किती द्यायचे. मी अशा वह्या अत्यंत नेटक्या ठेवल्या आहेत. त्यांच्यात चूक काही नाही, पण ज्याच्या मनात प्रत्येक देण्याघेण्याची अशी नोंद आपोआप होते, त्याला कृपा नावाची गोष्ट कुठल्या रकान्यात टाकावी हेच कळत नाही.

याचा सराव करण्याची माझ्या माहितीतील उत्तम जागा म्हणजे आषाढीची पायी वारी. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर माणूस कितीही तयारीने गेला तरी त्याला रोज कुणाकडून तरी काहीतरी घ्यावेच लागते: पाणी, सावली, ओसरीवर टेकण्यापुरती जागा, पायाला चोळायला तेल. दिंडीत भिशीचे, म्हणजे सामाईक जेवणाचे, पैसे भरलेले असतात, सामान ट्रकमधून पुढे जाते, तरीही वाटेवरच्या गावांतील लोक हातात चहा आणि केळी घेऊन उभे असतात आणि नाही म्हटले तर त्यांना वाईट वाटते. पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाटाचा टप्पा लागतो आणि त्या दिवशी तीस किलोमीटरच्या आसपास चाल होते. माझ्या पहिल्या वारीत त्या घाटात माझा गुडघा सुजला आणि एका अनोळखी बाईने काही न विचारता माझ्या खांद्यावरची पिशवी उचलली. सासवडला पोहोचल्यावर मी सवयीने पैसे काढले. ‘पैसे ठेवा माऊली, भाकरी थापायला या’, असे ती म्हणाली. मला भाकरी थापता येत नाही हे तिला सांगताना जी लाज वाटली, ती पैसे परत घेताना वाटली नव्हती. मग तिनेच मला पहिली गरम भाकरी वाढली. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांना माऊली म्हणतात, हे मी आधी पुस्तकांत वाचले होते. आपली आई आपल्याला जेवू घालते तेव्हा आपण आहेर लिहीत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळले.

वारी ज्यांना शक्य नाही त्यांनी घरीच छोटी मागणी करून पाहावी. पहिल्या महिन्यात तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांकडे, खरोखर गरज असलेली पण पैसे देऊन सहज भागवता येण्यासारखी एखादी गोष्ट मागावी. रिक्षा न बोलावता शेजाऱ्याला दवाखान्यापर्यंत सोडायला सांगावे. बँकेचा अर्ज भाच्याकडून भरून घ्यावा. ताप आल्यावर बाहेरून डबा मागवण्याआधी मैत्रिणीला मऊ भात पाठवायला सांगावे. ‘उगाच तुम्हाला त्रास’ हे वाक्य गिळावे. आणि मुख्य म्हणजे, निदान पंधरा दिवस परतफेड करू नये. ते पंधरा दिवस फार अस्वस्थ जातात. त्या अस्वस्थतेचे नाव ओशाळेपण, आणि रात्री पाणी सोडताना तिचेही नाव घ्यावे.

कुणापासून सावध राहावे

विसंबण्याची सवय लागत असताना माणूस मऊ होतो, आणि अशा मऊ माणसाच्या शोधात असणारे लोक असतात. जो कोणी देवाच्या जागी स्वतःवर विसंबायला सांगतो, घरच्यांपासून तोडतो, पैसे किंवा दागिने मागतो अथवा डॉक्टरकडे जाण्याची मनाई करतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हाच ठरवला आहे. रक्तदाबाची गोळी घेऊन वर नामस्मरण करणाऱ्याचा विश्वास उणा पडतो, असे समजण्याचे कारण नाही. ती गोळी तयार करणारा हातही त्याच्या हातांपैकीच एक आहे.

काहीच घडत नाही तेव्हा

मागितलेले मिळत नाही, असे पुष्कळ वेळा होते. पाणी सोडलेली काळजी सकाळी पुन्हा छातीवर येऊन बसते, आणि ज्याच्यासाठी जीव तोडून प्रार्थना केली ते माणूस जाते. अशा वेळी ‘त्याच्या मनात चांगलेच असेल’ असे स्वतःला किंवा दुसऱ्याला घाईने सांगू नये. आपल्या संतांनी तसे केलेले नाही. नामदेव विठ्ठलावर रुसले, तुकोबांनी त्याला जाब विचारला, आणि जनाबाईंनी तर त्याला सरळ शिव्या घातल्या. जो आपल्या पायावर उभा आहे तो कुणाशी असे भांडत नाही, तो शांतपणे संबंध कमी करतो. आईवर हक्काने चिडते ते लेकरू. म्हणून देवाविषयीचा राग मनात आला की अभ्यास बिघडला असे समजू नये. वहीत तिसरा रकाना आखावा, त्याला ‘तक्रार’ असे नाव द्यावे आणि पाणी सोडण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात याची रीतच ठरून गेलेली आहे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात, टाळांचा गजर चाललेला असतो, आणि चोपदाराने चोप उंच करताच हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीला दिवसभरात काही त्रास झाला असेल ती थांबत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि त्याची तड लावतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितले जाते, आणि मग आरती होते.